जी थांबेल ती गाडी

अंगठा दाखवणे या क्रियेकडे मी आजवर निव्वळ व्यावसायिक नजरेने पाहत आलो होतो. विमा कंपनीच्या दावे विभागात माझी हयात गेली. लोकांना अंगठा दाखवायचं काम आम्ही तिथे रीतसर, कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी करत असू. हाताला असलेला खराखुरा अंगठा परक्या देशात रस्त्याच्या कडेला उभं राहून अनोळखी माणसांना दाखवायची पाळी माझ्यावर येईल, आणि तो बघून ती माणसं गाडी थांबवतील, असं कोणी मला सांगितलं असतं तर त्याचा दावा मी पहिल्या वाचनातच फेटाळला असता.

ही पाळी आणली भोवऱ्याने. भोवरा माझा शाळेपासूनचा मित्र. एका जागी बसता येत नसल्यामुळे त्याला हे नाव पडलं आणि ते त्याने पन्नाशी उलटली तरी इमानाने चालवलं. मध्यंतरी त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत डॉक्टरांनी जाळी बसवली. दुसरा एखादा समजूतदार माणूस असता तर त्यानंतर बागेतल्या बाकावर बसून नातवंडांची वाट बघत राहिला असता. भोवरा मात्र हॉस्पिटलमधून एकच निष्कर्ष घेऊन बाहेर आला, की आयुष्य थोडं आहे. आयुष्य थोडं आहे हे मलाही माहीत होतं. म्हणूनच तर मी ते घरात काढत होतो.

त्याची योजना अशी, की कधी न पाहिलेल्या देशात जायचं, पाठीवर सॅक टाकायची, आधीपासून काही ठरवायचं नाही, आणि हात दाखवून मिळेल त्या गाडीने मिळेल तिकडे जायचं. मी हो म्हणालो. मला ती कल्पना आवडली असा याचा अर्थ नव्हे. नाही म्हणणं मला आयुष्यभर फक्त कंपनीच्या वतीने जमलं. स्वतःच्या वतीने मी अजून कोणाला नाही म्हटलेलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती कायमची मुक्कामाला आहे.

बातमी इमारतीत पसरायला जिनाही चढावा लागला नाही. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांचे जावई एकदा परदेशी जाऊन आले आहेत, त्यांनी मला थांबवून सांगितलं की अनोळखी गाडीत पुढच्या सीटवर कधीही बसू नये, कारण टक्कर झाली की पहिला बळी पुढच्याचा. आमच्या डोक्यावर राहणारे केमिस्ट म्हणाले, मागच्या सीटवर कधीही बसू नये, कारण मागची दारं आतून उघडत नाहीत आणि मग माणसाला थेट जंगलात नेतात. दोघांचं ऐकायचं तर टपावर बसणं भाग होतं. समोरच्या काकूंनी काही सल्ला दिला नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघून "जपून हं" म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या, ते जास्त लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी तेवढे व्यवहारी. तिकडे काही बरंवाईट झालंच तर माझी पार्किंगची जागा कोणाला द्यायची, एवढं मी जाण्यापूर्वी बोलून ठेवावं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची दुसरी गाडी नुकतीच आली होती.

सॅक पुतण्याची आणली. ती भरून, पाठीवर चढवून, पट्टे आवळून मी हॉलमध्ये ताठ उभा राहिलो आणि तसाच ताठ मागे सोफ्यावर गेलो. उलट्या पडलेल्या कासवाला काय वाटत असेल याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. बायकोने हात देऊन उठवलं. मग ती आत जाऊन फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलत बसली.

व्हिसाच्या कचेरीत वेगळाच घोळ. तिथल्या खिडकीत बसलेल्या बाईंना आमचा प्रवासाचा कार्यक्रम हवा होता. भोवऱ्याने त्यांना कार्यक्रम नसण्यामागचं तत्त्व समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, फिरणार कोणाच्या गाडीने? भोवरा म्हणाला, "जी थांबेल तिच्या." बाईंनी आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी माझ्या चष्म्याकडे आणि पांढऱ्या केसांकडे बघून, हे गृहस्थ म्हणताहेत ते खरं का, असं मला विचारलं. मी म्हटलं, मीही आत्ताच ऐकतोय. शेवटी बाहेरच्या बाकावर बसून मीच एक कार्यक्रम रचला. त्यात संग्रहालयं घातली, बागा घातल्या, एक दिवस विश्रांतीचाही घातला. लोकांच्या थापा वाचण्यात उमेदीची वर्षं घालवल्याचा असाही उपयोग होतो.

निघायच्या दिवशी भोवऱ्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात गळ्यात अडकवायची एक कापडी पिशवी होती.

"भाऊजी, सकाळ-रात्रीच्या गोळ्या हे घेतात. ब्रशजवळ ठेवल्या की आठवतं. पण दुपारची हमखास विसरतात, आणि तीच चुकता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलंय. ती तुमच्याकडे असू द्या. मी तुमच्यावर सोडतेय."

एवढा विश्वास माझ्यावर कंपनीनेही कधी टाकला नव्हता. मी पिशवी गळ्यात घातली, शर्टाच्या आत सोडली आणि वरचं बटण लावलं. पासपोर्ट बाहेरच्या खिशात होता. त्या क्षणापासून भोवऱ्याचं हृदय त्याच्या छातीत आणि त्याची धडधड माझ्या छातीत अशी वाटणी झाली.

तर अशा रीतीने आम्ही त्या देशातल्या एका गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला उभे होतो. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, डोंगराकडे. भोवऱ्याने अंगठा वर केला. मी त्याच्या मागे, ओळख नसल्यासारखा. आणि पहिलीच गाडी थांबली. आत एक सभ्य जोडपं. त्यांनी हसून दार उघडलं, या म्हणून खूण केली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास!" सोबत दोन्ही हात हलवून नको नको केलं. आपल्याकडे याचा अर्थ एवढाच होतो की अजून दोनदा आग्रह करा. त्या जोडप्याला तो सरळ नकार वाटला. त्यांनी खांदे उडवले, दार लावलं आणि गेली गाडी.

भोवऱ्याचा अंगठा अजून हवेतच होता. मी म्हटलं, अरे, एकदम कसं चढायचं? बरं दिसतं का?

यानंतर बोलायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. पण तोही शेवटी माझाच मित्र. दुसरी गाडी सामानाची व्हॅन होती. ड्रायव्हरने कुठे जायचं म्हणून खुणेने विचारलं, तर डोंगराकडे असं सांगायचं सोडून भोवऱ्याने, तुम्ही कुठे निघालात, अशी उलट खूण केली. त्याने दक्षिणेकडे बोट दाखवलं. भोवरा आनंदाने म्हणाला, आम्हीही तिकडेच. पुढे जागा नव्हती म्हणून त्याने आम्हाला मागे बसवलं. मागे एक नवाकोरा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा होता. खिडकी नसलेल्या त्या अंधाऱ्या डब्यात, सॅक मांडीवर घेऊन, मुलगी बघायला आल्यासारखे आम्ही दोघे सोफ्यावर बसून नको त्या दिशेला निघालो. मी त्याला विचारलं, असं का केलंस? म्हणाला, त्याला आपल्यासाठी गाडी वळवायला लागली असती.

व्हॅन थांबली तेव्हा समोर एक उंच इमारत होती आणि सोफा वर जायचा होता. ड्रायव्हर एकटा. त्याने आमच्याकडे मदत मागितली नाही, पण फुकट बसून आलेल्या माणसाने हात खिशात घालून उभं राहायचं म्हणजे काय? मी पुढे झालो आणि भोवरा माझ्याही पुढे. हृदयात जाळी असलेला माणूस जिन्यात सोफ्याचं टोक धरून उलटा चढतोय आणि खालचं टोक माझ्याकडे, असा तो प्रसंग. माझ्या टोकाचं वजन मी हातांनी आणि त्याच्या टोकाचं मनाने उचलत होतो. प्रत्येक वळणावर मी, दम लागला का, असं विचारत होतो, आणि दर वेळी विचारतानाच मला दम लागत होता. वरच्या बाईंनी सोफा बघितला, मान हलवली आणि रंग चुकल्याचं सांगितलं. आम्ही तो खाली आणला.

डोंगर आता मगापेक्षा दुप्पट लांब होते. त्या गावाच्या टोकाच्या पेट्रोल पंपावर आम्ही कोरडं सँडविच खाल्लं. जेवण झालं, म्हणजे दुपारच्या गोळीची वेळ. मी शर्टाचं बटण काढून पिशवीत हात घालतो न घालतो तोच पंपावरून निघालेली एक छोटी गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. चालवणाऱ्या एक आजीबाई. मागच्या सीटवर छतापर्यंत झाडांच्या कुंड्या. पुढे एक जागा. एकच.

भोवरा म्हणाला, तू जा. मी म्हटलं, नाही, तू जा, तुझी तब्येत. तो म्हणाला, तब्येतीचं मला सांगू नकोस, मगाशी जिन्यात धापा कोण टाकत होतं? मी म्हटलं, तू आधी. तो म्हणाला, शक्यच नाही. आजीबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी हॉर्न वाजवला, आणि त्या आवाजाने मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी भोवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून सीटवर बसवला, त्याची सॅक त्याच्या मांडीवर दाबली आणि दार लावून टाकलं. लांबून बघणाऱ्याला ते अपहरण वाटलं असतं. भोवरा खिडकीतून, पुढच्या गावात स्टेशनवर भेटू, असं काहीसं ओरडला आणि गाडी वळणाआड गेली.

सौजन्याच्या झटापटीत मी आयुष्यात प्रथमच जिंकलो होतो. त्या खुशीत मी शर्टाचं बटण लावायला गेलो आणि हाताला पिशवी लागली.

तिथून पुढे जे झालं त्याला विचार म्हणता येणार नाही. फोन भोवऱ्याच्या खिशात, कारण परदेशातलं कार्ड आम्ही दोघांत एकच घेतलं होतं. गोळी माझ्या गळ्यात. डॉक्टरांनी बजावलेली दुपार उलटत चाललेली. उन्हात आजीबाईंच्या कुंड्यांमध्ये छातीला हात लावून कलंडलेला भोवरा मला दिसू लागला. वहिनी दिसू लागल्या. त्या हात पुढे करून पिशवी परत मागत होत्या. आमच्या ऑफिसात निष्काळजीपणा हा शब्द मी इतक्यांदा, इतक्या सहज लिहिला होता की त्याला वजन असतं हे लक्षातच आलं नव्हतं. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी काय शेरा मारला असता, ते मला तोंडपाठ होतं.

मी अंगठा वर केला. एक केला, मग दुसराही केला. गाड्या निघून जात होत्या. एका सायकलवाल्याने मला उलट अंगठा दाखवला आणि प्रसन्नपणे हसला. एका गाडीच्या मागच्या काचेतून एक कुत्रा माझ्याकडे दिसेनासा होईपर्यंत सहानुभूतीने बघत राहिला. सकाळच्या त्या सभ्य जोडप्याची मला इतकी आठवण झाली की डोळे भरून आले.

तेवढ्यात एक गाडी मुंगीच्या पावलांनी येताना दिसली. टपावर पाटी, पाटीवर स्टिअरिंगचं चित्र. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. चालवायला माझ्याच वयाच्या एक बाई, शेजारी जाडजूड शिक्षक. माझ्यापाशी येऊन गाडी कडेला थांबली. ती माझ्यासाठी थांबली नव्हती. गाडी कडेला कशी घ्यावी हा धडा चालू होता, हे मला मागाहून कळलं. ज्याला पाटावर बसवायला तीनदा आग्रह लागतो, तो मी मागचं दार उघडून आत बसलो आणि पुढे बोट दाखवून म्हणालो, "चला."

दोघेही वळून माझ्याकडे बघू लागले. मी पिशवीतून गोळी काढून दाखवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, कळवळल्यासारखा चेहरा केला आणि पुन्हा पुढे बोट दाखवलं. माझा मित्र हृदयरोगी असून पुढे गेला आहे, असं मी सांगत होतो. त्यांच्यापर्यंत यातलं मित्र सोडून सगळं पोचलं. शिक्षकांचा चेहरा बदलला. त्यांनी बाईंना काहीतरी तातडीने सांगितलं, आणि बाईंनी धसक्याने गाडी मगापेक्षाही हळू चालवायला घेतली.

शिक्षक मोठे कनवाळू निघाले. त्यांनी पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली आणि गोळी घे म्हणून खूण केली. मी मान हलवली. त्यांनी समजावणीच्या सुरात पुन्हा सांगितलं. मी गोळी मुठीत घट्ट धरली. मग ते सीटवरून अर्धे मागे वळले आणि माझी मूठ उघडू लागले. लहानपणी आईने एरंडेल पाजताना केलं होतं तसं माझं तोंड मी मिटून घेतलं. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने तोंड, असा मी भोवऱ्याची गोळी माझ्याच पोटात जाण्यापासून वाचवत होतो. आरशातून हे बघून बाईंच्या हातातलं स्टिअरिंग थरथरत होतं. आम्हाला एक ट्रॅक्टर मागे टाकून गेला.

आणि समोरून दुधाचा टँकर आला. ड्रायव्हरच्या शेजारी, उंचावर, एखाद्या पाहुण्यासारखा ऐटीत बसलेला, सरळ पुढे बघत असलेला भोवरा. जिवंत. आणि मी जिथून निघालो तिकडे, पंपाकडे, चाललेला.

एवढी माणसं आपल्यासाठी राबताहेत, त्यांना मध्येच गाडी थांबवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोला, आला. पण तो पुरा व्हायच्या आत मी ओरडलो.

"थांबा!"

भाषा परकी असली तरी आवाज पोचला. थांबणं ही एकच गोष्ट बाईंना उत्तम येत होती. त्यांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरलं, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी होऊन बंद पडली. टँकर आमच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. मी दार उघडून धावलो. भोवरा वरून उतरला तो माझ्यावरच ओरडत.

"कुठे होतास तू? पंपावरून हलू नकोस म्हणून खिडकीतून ओरडलो, ते ऐकलं नाहीस? त्या आजींना विनवून उतरलो, मागे फिरलो, इतका घोर लागला होता मला."

"तुला? अरे, तुझी गोळी माझ्याकडे राहिली म्हणून मी..."

"गोळीचं सोड रे. वहिनींना काय तोंड दाखवलं असतं मी?"

मला काही उमजेना. माझ्या बायकोचा इथे काय संबंध?

मग भोवऱ्याने हॉर्नच्या गदारोळात मला सांगितलं, ते मी इथे जसंच्या तसं देत नाही; माणसाने स्वतःचा काही आब राखावा. सारांश असा, की निघण्यापूर्वी माझ्या बायकोने फोन करून मला त्याच्या हवाली केलं होतं. ह्यांना एकटं सोडू नका, घाबरतात. त्यावर दोन्ही बायकांनी मिळून एक तोड काढली होती. मला सांभाळायला काहीतरी द्यायचं. म्हणजे मी त्यातच गुंतून राहीन.

"काळजी करायला काही नसलं की तू फार काळजी करतोस," भोवरा म्हणाला. "म्हणून ती पिशवी. मनाला लावून घेऊ नकोस. माझी माझ्याकडे वेगळी पट्टी आहे, अगदी निघाल्यापासून. एकटा पडलो तर असावी म्हणून."

मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. मागे शिक्षक पाण्याची बाटली घेऊन उतरले होते आणि बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसल्या होत्या. अर्धी दुपार माझा जीव ज्याला टांगला होता, तो निघाला पाळण्यावर टांगतात तसला खुळखुळा. दावा साफ खोटा होता आणि मी, दावे विभागातला मी, तो मंजूर करून बसलो होतो.

माणूस अपमानात काय करतो? मी जे मला येतं ते केलं. हात पुढे केला आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणालो, "पुरावा दाखव."

भोवरा हसला. शर्टाच्या खिशात हात घालून त्याने गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उलटी केली, सुलटी केली. चंदेरी कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत होता. एकही गोळी काढलेली नव्हती.

"आजची?" मी विचारलं.

भोवऱ्याने पट्टीकडे पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं. त्याचं हसू हळूहळू ओठांवरून उतरलं, आणि शाळेत गृहपाठ विसरल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला.

"विसरलो."

मी त्याची पट्टी त्याच्या खिशात परत घातली, खिशाचं बटण लावलं, आणि इतका वेळ मुठीत धरून धरून घामेजलेली माझ्याकडची गोळी त्याच्यापुढे धरली. शिक्षकांच्या हातातली बाटली घेतली. त्याने निमूटपणे तोंड उघडलं. गोळी घशाखाली उतरेपर्यंत मी त्याच्या गळ्यावरची नजर काढली नाही. हॉर्न वाजत होते ते वाजू दिले.

इकडे शिक्षक आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होते. छातीत कळ येऊन कळवळणारा माणूस रस्ता अडवतो, समोरून येणाऱ्या धडधाकट माणसाला टँकरमधून खाली उतरवतो आणि स्वतःची गोळी त्याला खायला घालतो, यामागची वैद्यकीय पद्धत त्यांना उमगत नसावी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि, आता बरं वाटतंय का, असं काहीसं विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. बरं वाटत होतं.